हावडा ओळखता, मग घोडनदीचा पूल?

मोबाईलवरच्या प्रत्येक कौटुंबिक गटात एक हौशी मामू किंवा चाचा असतोच. सकाळचे सलाम आणि शुभेच्छा आटोपल्या की तो एक फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘ओळखा पाहू!’ फोटोत एखादा पूल असतो, मनोरा असतो, नाहीतर किल्ल्याची कमान. मग उत्तरांचा पाऊस पडतो. हावडा ब्रिज, आयफेल टॉवर, सिडनीचा पूल, लाल किल्ला. एखादा चुकतो, दुसरा त्याची फिरकी घेतो आणि दहा मिनिटांत सगळे आपापल्या कामाला लागतात.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत हा खेळ नुसता विरंगुळा राहिलेला नाही. भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं या भागात खूप आहेत. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस दलाचा तळ आहे, त्यामुळे सरकारी नोकरीचं स्वप्न इथे घरोघर दिसतं. या मुलांच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात जगातले सर्वांत लांब, सर्वांत उंच, सर्वांत जुने पूल पाठ करायला असतात. शाळेच्या प्रश्नमंजूषेत पडद्यावर चित्र झळकतं आणि आधी हात वर करणाऱ्याला गुण मिळतात.

खेळाबद्दल माझी तक्रार नाही. शिरूरच्या मुलीला इस्तंबूलची मशीद आणि सॅन फ्रान्सिस्कोचा पूल फोटोवरून ओळखता येत असेल, तर त्याचं कौतुकच करायला हवं. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण हा खेळ अर्ध्यावर सोडतो. नाव सांगितलं की ओळख पटली, असं समजून पुढच्या फोटोकडे वळतो. ही सवय मग इमारतींपुरती राहत नाही. वरवर पाहून नाव ठेवायची आणि नावावरून मालक ठरवायची सवय माणसांनाही लागू होते. म्हणून या साध्या खेळाकडे जरा गंभीरपणे पाहायला हवं.

खिशातली चित्रं

हा खेळ आपल्या सगळ्यांच्या खिशातही आहे. दहाच्या नोटेवर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत, पन्नासच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ. शंभरच्या नोटेवर पाटणची ‘रानी की वाव’ ही विहीर, दोनशेच्या नोटेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला. आठवडे बाजारात भाजी घेताना आपण दिवसातून दहा वेळा या वास्तू एकमेकांच्या हातावर ठेवतो. तरी वीसची नोट काढून ‘हे कुठलं?’ असं विचारून पाहा. महाराष्ट्रातल्याच लेण्यांचं चित्र आहे हे अनेकांना सांगितल्यावर कळतं. रोज पाहिलं म्हणजे ओळखलं, असं होत नाही.

युरोपातल्या लोकांनी नोटांचा प्रश्न फार वेगळ्या पद्धतीने सोडवला. १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा लोकांच्या हातात आल्या. ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी त्यांची चित्रं काढली होती. प्रत्येक नोटेच्या मागच्या बाजूला एक पूल आहे. पण तो कुठल्याच देशात नव्हता! पाचच्या नोटेवर प्राचीन शैलीचा, वीसच्या नोटेवर गॉथिक, पन्नासच्या नोटेवर प्रबोधनकाळातला, असे सगळे पूल मुद्दाम कल्पनेतले काढले. खरा पूल घेतला असता तर तो कोणत्या देशाचा यावर रुसवेफुगवे झाले असते. दोन महायुद्धांत एकमेकांचे पूल उडवून दिलेले हे देश. त्यांना ‘पूल कोणाचा’ या प्रश्नाची धार माहीत होती. म्हणून त्यांनी तो प्रश्नच चित्रातून काढून टाकला.

गंमत पुढे झाली. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ स्पाइकेनिस नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी नोटांवरचे हे सातही पूल नोटेवरच्याच रंगांत खरेखुरे बांधून काढले. जे पूल कोणाचेच नव्हते, ते एका छोट्या गावाचे झाले. फोटो ओळखण्याच्या खेळात यापेक्षा चांगला गुगली प्रश्न मला माहीत नाही.

उत्तरपत्रिकाच चुकते तेव्हा

बहुतेक जण ज्याला ‘लंडन ब्रिज’ म्हणतात, तो दोन उंच मनोऱ्यांचा पूल म्हणजे टॉवर ब्रिज. तो १८९४ साली खुला झाला. खरा लंडन ब्रिज त्याच्या जवळच आहे, पण अगदी साधा आहे. म्हणून त्याचा फोटो कोणी काढत नाही. त्या जागी पूर्वी १८३१ साली खुला झालेला दगडी पूल होता. तो एका अमेरिकी उद्योगपतीने विकत घेतला. दगडांवर क्रमांक घालून ते अमेरिकेत नेले आणि १९७१ साली तो पूल ॲरिझोनाच्या उष्ण, कोरड्या मुलखात पुन्हा उभा राहिला. आता त्या पुलाचा फोटो दाखवला तर बरोबर उत्तर काय? लंडन की ॲरिझोना?

इतक्या लांब कशाला जायचं! पुण्याचा लकडी पूल घ्या. १७६१ च्या पानिपतानंतर पेशव्यांच्या काळात तिथे लाकडी पूल उभारला गेला, म्हणून हे नाव पडलं. आज त्या पुलात लाकडाची एक फळीही नाही. कागदोपत्री तो छत्रपती संभाजी पूल आहे. पण रिक्षावाल्याला लकडी पूल म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. इथे चुकीच्या वाटणाऱ्या नावात इतिहासाचा एक तुकडा जपला गेला आहे.

सगळ्याच नावांचं असं नसतं. शिरूरहून तासाभराच्या अंतरावर अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. शहराबाहेर शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू आहे. लांबून सहज दिसते. शाळेच्या सहलीत, रिक्षावाल्याच्या तोंडी आणि फोटोखालच्या ओळीत तिचं नाव एकच असतं, ‘चांदबिबीचा महाल’. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान हा १६व्या शतकातला, मुर्तजा निजामशहाचा वजीर. चांदबिबीने मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवला ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. लोकांना ती इतकी आवडली की त्यांनी तिला एक महालही देऊन टाकला. बिचारा सलाबतखान आपल्याच कबरीत अनोळखी झाला. प्रश्नमंजूषेत या फोटोला ‘चांदबिबीचा महाल’ असं उत्तर देणाऱ्या मुलाला गुण मिळतील. ‘सलाबतखानाची कबर’ म्हणणाऱ्या मुलीला कदाचित खाली बसवतील.

घुमट दिसला की

आता या खेळातला सर्वांत नाजूक भाग. फोटोत घुमट दिसला की आपण पटकन म्हणतो, ‘मुसलमानांचं’. शिखर दिसलं की ‘हिंदूंचं’. उतरतं कौलारू छप्पर दिसलं की ‘कुणाचं तरी घर’. ही घाई कशी फसते हे बघायला दौंड तालुक्याच्या उंबरठ्यापर्यंत गेलं तरी पुरतं.

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतहून आत वळलं की माळशिरसजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचं देऊळ लागतं. तालुका पुरंदर, पण वाट दौंडकरांच्या रोजच्या रस्त्यावरची. लांबून फोटो काढा आणि नाव न सांगता कोणालाही दाखवा. घुमट, मनोऱ्यांसारखे उंचवटे, चुन्याचं काम. दहातले निम्मे तरी मशीद किंवा दर्गा म्हणतील. आत पाऊल टाकलं की यादवकाळातलं कोरीव शिवमंदिर! काळ्या दगडातल्या देवता, रामायण-महाभारताचे प्रसंग, स्त्रीरूपातला गणेश. त्याच डोंगरावर १७व्या शतकात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने दौलतमंगळ किल्ला बांधला. आदिलशाहीचा हा सरदार हिंदू होता. देवळाच्या वरच्या भागाची बांधणी पुढच्या काळातली. ज्या गवंड्यांना घुमट बांधायची कला अवगत होती, त्यांनी ती देवळावरही वापरली. गवंड्याचा हात जात-धर्म विचारत नाही. त्याला ओळंबा सरळ हवा असतो.

सिंदखेडराजाला लखुजी जाधवरावांची समाधी आहे. जिजाऊंचे हे वडील १६२९ साली मारले गेले. त्यांच्या समाधीवर घुमट आहे. नाव झाकून फोटो दाखवला तर बरेच जण तिला सुलतानाची कबर म्हणतील. १७व्या शतकातल्या मराठा सरदारांना घुमट परका वाटत नव्हता. तो त्यांच्या काळाच्या, त्यांच्या मुलखाच्या बांधकामाचा भाग होता. परकेपणा आपण नंतर चिकटवला.

उलटंही तितकंच खरं. गोव्यात फोंड्याला साफा मशीद आहे. १५६० च्या सुमारास, आदिलशाही काळात बांधलेली. तिच्यावर उतरतं कौलारू छप्पर आहे, शेजारी पायऱ्यांची दगडी तळी आहे. केरळात कोझिकोडला मिश्काल मशीद आहे. अनेक शतकांपूर्वी एका नाखुदा व्यापाऱ्याने बांधलेली ही मशीद लाकडी आणि अनेक मजली आहे. तिला घुमट नाही, मिनार नाहीत. धो धो पावसाच्या मुलखात छप्पर उतरतंच लागतं. तिथे देवळाला, मशिदीला आणि घराला पाऊस एकच नियम लावतो. या दोन मशिदींचे फोटो आपल्या मोहल्ल्यातल्या मुलांना दाखवले, तर आपलीच मुलं त्यांना मशीद म्हणणार नाहीत. म्हणजे घुमटाच्या घाईत आपणही मागे नाही.

औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याचं उदाहरण मला सर्वांत आवडतं. फोटो दाखवला की निम्मे लोक ताजमहाल म्हणतात, उरलेले ‘नकली ताज’ म्हणून हसतात. मकबऱ्याच्या मुख्य दारावर मात्र दोन नावं कोरलेली आहेत. वास्तुकार अताउल्ला आणि बांधकामाचा तज्ज्ञ हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाचे वास्तुकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बादशाही घराण्यातल्या बेगमेच्या कबरीवर, दारातच, एक मुसलमान आणि एक हिंदू कारागीर शेजारी शेजारी उभे आहेत. आपण मात्र ‘कोणाचं?’ या प्रश्नात इतके गुंततो की ‘कोणी घडवलं?’ हे दारावर लिहिलेलं असूनही वाचत नाही.

मराठी मुसलमानाला या खेळाचा अनुभव वेगळ्या अंगाने येतो. पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावं दोन्हीकडे आहेत. आडनाव ऐकून समोरचा एक अंदाज बांधतो. मग पहिलं नाव कळलं की विचारतो, ‘मूळचे कुठले?’ घोडनदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाने याचं उत्तर काय द्यायचं? ‘मराठी किती छान बोलता’ हे कौतुकही त्याच चालीचं. बोलणारे बहुतेक वेळा चांगल्या मनाने बोलतात, हेही मान्य. पण फोटोतल्या घुमटावरून देवळाला मशीद ठरवणारी नजर आणि नावावरून शेजाऱ्याला पाहुणा ठरवणारी नजर एकाच शाळेत शिकलेली असते. आज एखाद्या जुन्या वास्तूचा फोटो गटांतून फिरतो, त्यावर चार ओळींचा मजकूर असतो आणि संध्याकाळपर्यंत गाव तापतं. अशा काळात ही नजर सुधारण्याला करमणुकीपेक्षा जास्त मोल आहे.

घोड आणि भीमेच्या काठी

मी घरातल्या आणि शेजारच्या मुलांना एकदा चार फोटो दाखवले. हावडा पूल, सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट, मुंबईचा सागरी सेतू आणि दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी ओलांडते तो भीमेवरचा रेल्वेपूल. पहिल्या तिघांची नावं फोटो पुरता उघडण्याआधी आली. चौथ्याला शांतता. एकाने ‘कोकण रेल्वे?’ असं विचारून पाहिलं. त्या गाडीतून ती मुलं कित्येकदा गेली होती.

त्या पुलाची गोष्ट तरी कोणी सांगितली होती त्यांना? दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याआधीची दोन वर्षं दख्खनच्या भीषण दुष्काळाची. पोटासाठी दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी या मार्गाची माती वाहिली. टोपलीमागे टोपली टाकत हा मार्ग उत्तरेकडे सरकला. त्या बायाबापड्यांची नावं कुठल्याही दारावर कोरलेली नाहीत. दौंड जंक्शन झालं, चार मुलखांतली माणसं रेल्वेच्या नोकरीला आली. आज गावात जे वेगवेगळे मोहल्ले आणि भाषा दिसतात, त्यांची मुळं या रुळांत आहेत. एवढं कळल्यावर तो पूल नुसता पूल राहत नाही.

पुणे-नगर रस्त्याने शिरूर सोडलं की घोडनदीवरचा पूल लागतो आणि तो ओलांडला की जिल्हा बदलतो. या नदीमुळेच शिरूरला लोक अजून घोडनदी म्हणतात. हीच घोड पुढे भीमेला मिळते आणि तिचं पाणी दौंडच्या पुलाखालून वाहतं. शिरूर आणि दौंड एकमेकांना रस्त्याने जोडले जाण्याच्या कितीतरी आधी पाण्याने जोडलेले आहेत.

याच घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. त्याचा फोटो कुठल्याच प्रश्नमंजूषेत येणार नाही, कारण फोटोत दिसतं ते एक मातीचं टेकाड. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. घरं, धान्य, मडक्यांत पुरलेली बालकं, आणि नदीचं पाणी शेताकडे वळवणारा कालवा व बांध. तीन हजार वर्षांपूर्वी या भागातल्या माणसाने पाण्याशी कसा हिशोब जुळवला, त्याचा पुरावा आपल्या तालुक्यात आहे. जगातल्या सर्वांत जुन्या पुलांची यादी पाठ करणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसतं.

शिरूरमध्ये कर्नल विल्यम वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. शिरूर तेव्हा लष्करी छावणी होतं आणि १८०९ साली तो इथे वारला. गावकऱ्यांनी या परक्या फौजी माणसाला ‘सत्पुरुष’ मानलं आणि त्याच्या कबरीपाशी नैवेद्य ठेवला. ब्रिटिशकालीन गॅझेटियरने ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. आता सांगा, ही कबर कोणाची? ख्रिस्ती माणसाची, इंग्रजांची, की तिच्यापुढे हात जोडणाऱ्या शिरूरकरांची? तीन पर्यायांत एकच बरोबर असतो, ही परीक्षेची रीत इथे उपयोगी पडत नाही.

आणखी एक. दौंडहून सिद्धटेकच्या गणपतीला जाणारे भाविक पूर्वी शिरापूरला येऊन नावेतून भीमा ओलांडत. आता पूल आहे. ज्याने नावेतला प्रवास केला त्याला पूल म्हणजे काय ते कळतं. त्याच्या नातवाला तो फक्त रस्त्याचा तुकडा वाटतो.

पूल म्हणजे मागचा पडदा नाही

फोटोपुरती ओळख किती महाग पडते, हे आपल्या जिल्ह्याने नुकतंच पाहिलं. १५ जून २०२५, रविवार. मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर पर्यटकांची गर्दी झाली आणि पूल कोसळला. चार जणांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. पावसाळी नदी, हिरवे काठ, लोखंडी पूल. फोटोसाठी जागा सुंदरच होती. पण तो पूल किती जुना, त्याच्यावर किती भार चालतो, हे विचारायची सवय आपल्याला नाही. ज्यांनी त्याची देखभाल करायची, त्यांची जबाबदारी मोठी आहेच आणि ती त्यांच्याकडून मागितलीच पाहिजे. पण लोकांना प्रश्नच पडत नसतील तर मागणार कोण?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. तेव्हा काही दिवस सगळ्यांना आपल्या गावचा जुना पूल आठवला. नंतर विसर पडला. आपल्याकडच्या निघोजचंच पाहा. कुकडी नदीतले तिथले रांजणखळगे फोटोमुळे जगभर पोहोचले. एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला पारनेर. हौसेने फोटो काढणाऱ्यांतले किती जण, हे खळगे पाण्याबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी हजारो वर्षं घासून तयार केले हे लक्षात घेऊन, पावसाळ्यात त्या पाण्यापासून चार पावलं मागे राहतात?

पूल तुटल्यावर त्याची खरी ओळख पटते, याची जगातली सर्वांत बोलकी साक्ष बोस्नियात आहे. मोस्तार शहरात नेरेत्वा नदीवर उस्मानी सुलतान सुलेमानच्या आज्ञेने मिमार हैरुद्दीन याने एका कमानीचा दगडी पूल बांधला. तो १५६६ साली पूर्ण झाला. चारशेहून अधिक वर्षं मुसलमान, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती त्याच्यावरून ये-जा करत होते. युद्धात, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी, क्रोएट फौजेच्या तोफांनी तो पाडला. पुलाचा पाया मुसलमान सुलतानाच्या काळातला, म्हणून तो ‘त्यांचा’, असं ज्यांनी ठरवलं त्यांनी स्वतःच्या शहराची दोन शकलं केली. पुढे जुन्याच पद्धतीने घडवलेल्या दगडांतून पूल पुन्हा बांधला गेला आणि २००४ साली खुला झाला. फोटोत तो आज पूर्वीसारखाच दिसतो. तो एकदा नाहीसा झाला होता, हे फोटो सांगत नाही.

खेळ पुरा खेळूया

मग हा खेळ बंद करायचा का? मुळीच नाही. नीट खेळला तर तो नजर घडवतो. जिओगेसर नावाचा खेळ २०१३ मध्ये एका स्वीडिश तरुणाने तयार केला. त्यात जगातल्या कुठल्या तरी रस्त्याचं दृश्य दिसतं आणि जागा ओळखायची असते. त्यात तरबेज झालेली मुलं प्रसिद्ध मनोरे शोधत बसत नाहीत. विजेचा खांब, पाटीवरची लिपी, मातीचा रंग, सावलीची दिशा, रस्त्याची कडा बघतात. दुसऱ्या देशातल्या दंगलीचा फोटो आपल्या शहराचा म्हणून पसरवला जातो, तेव्हा खोटेपणा पकडणारे लोकही हेच करतात. पाटी वाचतात, पूल ताडून बघतात. हे कौशल्य आपल्या मुलांकडे असेल, तर अफवा त्यांच्या मोबाईलवर येऊन थांबेल.

म्हणून शिरूर आणि दौंडमधल्या शिक्षकांना, वाचनालयं चालवणाऱ्यांना, मदरशाच्या जबाबदार मंडळींना आणि गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक सुचवावंसं वाटतं. आपल्या दोन तालुक्यांतल्या आणि आसपासच्या वीस जागांचे फोटो जमवा. घोडनदीचा पूल, भीमेचा रेल्वेपूल, इनामगावचं टेकाड, वॉलेसची कबर, भुलेश्वर, गावातली जुनी मशीद, वेशीची कमान, पडका वाडा, बारव. ज्याचा फोटो कोणी काढत नाही, ते आधी घ्या. प्रत्येक फोटोला चार प्रश्न ठेवा. कोणी घडवलं? कशाने घडवलं, दगड, चुना, वीट की लोखंड? त्याआधी त्या जागी काय होतं? आणि आज ते कोण वापरतं, कोण सांभाळतं? नुसत्या नावाला एकच गुण. बाकी गुण या चार उत्तरांना. आणि ‘हे कोणाचं, आपलं की त्यांचं?’ हा प्रश्न ज्याने विचारला त्याचा एक गुण कापायचा!

संघ करताना मोहल्ला विरुद्ध पेठ असं करू नका. दोन्हीकडची मुलं एका संघात घाला. पेठेतल्या मुलाला दर्ग्याच्या चिरागाबद्दल विचारायला मोहल्ल्यात यावं लागेल आणि मोहल्ल्यातल्या मुलीला भुलेश्वराच्या गुरवाशी बोलावं लागेल. उत्तरापेक्षा ही पायपीट जास्त शिकवेल.

आणि फार वेळ लावू नका. दौंडला वाफेच्या इंजिनावर काम केलेले म्हातारे आता थोडेच उरले आहेत. भीमेवर नाव चालवलेले, नव्या पुलावरून पहिली बैलगाडी गेलेली पाहिलेले, दगड घडवणारे वडार, चुना मळणारे गवंडी, सगळ्यांचं वय झालं आहे. फोटो नंतरही काढता येतील. त्यांच्याकडे मात्र या सुट्टीतच जाऊन बसलं पाहिजे.